न्हाणीच्या दगडाशेजारचा खड्डा

मामा, खड्डा काल उघडला.

मृग तोंडावर आल्यावर उघडायचा, दोघांनी समोरासमोर बसून उघडायचा, असं ठरलं होतं. मी माझा शब्द पाळला. तुम्ही नाही पाळला. वैशाखाच्या उन्हात दुपारी जेवून आडवे झालात ते उठलाच नाहीत. आयुष्यभर कंडक्टरकी केलेला माणूस घंटी न वाजवता उतरून गेला, याचा मला अजून राग आहे. रागावर मी जगते हे तुम्ही दहा जणांत सांगायचात, तेव्हा हा राग तुमच्या खात्यावर.

खड्ड्यात काय निघालं ते सांगते, पण लगेच नाही. नांदेडहून फोन केला की मी विचारायचे, खड्डा काय म्हणतो? तुम्ही म्हणायचात, झोपलाय. पौषात झोपलाय, फाल्गुनात झोपलाय. मला तसं ताटकळत ठेवलंत, आता जरा तुम्हीही थांबा.

तुम्ही गेल्यावर दारात बसायला आलेले लोक म्हणत होते, लई शांत माणूस होता. मी ऐकून घेतलं, कारण मामी शेजारी होती. पण हे धादांत खोटं आहे. तुमच्याइतके प्रश्न विचारणारा माणूस मी पाहिलेला नाही. बिलोली-धर्माबाद गाडीवर असताना तुम्ही तिकीट देता देता प्रवाशाच्या पोत्याला हात लावून विचारायचात, ह्यात काय हाय? आणि माणसानं कोबी म्हटलं की पुढचा प्रश्न, ह्याचा पाला कुठं टाकता? लोकांना वाटायचं सामानाचं तिकीट लावणार. तुम्हाला फक्त जाणून घ्यायचं असायचं की कोणती गोष्ट किती दिवसांत कुजते. लहानपणी मी तुमच्या गाडीत पुढच्या सीटवर बसून हे बघितलंय. मला तेव्हा लाज वाटायची. आता वाटतं, अख्ख्या तालुक्याच्या पाल्यापाचोळ्याची खबर असलेला तो एकच माणूस होता आणि तो शिट्टी गळ्यात अडकवून गाडीत उभा होता.

निवृत्तीनंतर तुम्ही परसातल्या उकिरड्यात लोखंडी सळई खुपसून ठेवायचात. कुणीही आलं, चहाच्या आधी त्याला मागं न्यायचं, सळई उपसायची आणि त्याच्या हातात द्यायची. म्हणायचं, हात लावून बघा, ताप हाय का. सळई गरम लागली तर ढीग जिवंत, गार लागली तर मेला. सोयरीक बघायला आलेल्या पाहुण्यांच्या हातातही तुम्ही ती दिली होती. मामी आतून कपाळाला हात लावून बसली होती, पण पाहुण्यांनी सळई धरून खरंच म्हटलं, हाव, गरम हाय की. सोयरीक जमली. तुम्ही त्याचं श्रेय उकिरड्याला दिलंत.

मिरचीच्या देठांचं तर आख्खं गाव साक्षीदार आहे. धर्माबादला बाया बसून लाल मिरचीची देठं खुडतात, त्या देठांचा ढीग पडलेला असतो आणि त्याला कुणी वाली नसतो. आपल्याकडच्या कोरड्या ढिगाला वाळवी लागते, तर तिखटानं वाळवी पळेल का, असा प्रश्न तुम्हाला पडला. पडला तो पडला, तुम्ही पोतंभर देठं गाडीतून आणली. नव्या कंडक्टरनं जुन्या ओळखीवर पोतं आत घेऊ दिलं आणि बिलोलीपर्यंत अख्खी गाडी शिंकत आली. पुढं ढीग खाली-वर करायच्या दिवशी वारा गावाकडं होता. दोन घरं सोडून राहणारे तुमचे चुलतभाऊ, बापूकाका, उपरणं नाकाला लावून आले आणि विचारलं, "काय गा, खत करून राहिला का फोडणी देऊन राहिला?"

वाळवी काही पळाली नाही. तिनं पऱ्हाट्या खाल्ल्या, तुराट्या खाल्ल्या आणि मिरचीची देठं तेवढी नीट बाजूला ठेवली. मी म्हटलं, झाला का प्रयोग फुकट. तुम्ही एक देठ उचलून उन्हात धरलंत आणि म्हणालात, "निकाल तर लागला की, माय. आपल्या मनासारखा न्हाई लागला, येवढंच."

हे वाक्य मला तेव्हा पळवाट वाटलं होतं. मी संघटनेची पत्रकं लिहिणारी. आमच्या पत्रकात मागणी असते, खाली नावं असतात आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी 'झालंच पाहिजे' असतं. निकाल मनासारखा लागला नाही तर आम्ही रस्त्यावर बसतो. उन्हात देठ धरून बघत नाही.

आपलं खरं भांडण सुरू झालं ते त्या पुस्तिकेवरून. एका प्रशिक्षणात ती मला मिळाली होती. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर हिरवंगार शेत. कोणाचं शेत, कुठलं, देव जाणे. तुम्ही चष्मा लावून मोठ्यानं वाचायला लागलात. जमिनीवर ढीग रचा. आठवड्यातून एकदा पाणी शिंपडा. पिळलेल्या फडक्याइतका ओलावा कायम राखा. इथं तुम्ही थांबलात आणि पुस्तिका उलटीसुलटी करून बघितलीत, जसं पंचिंग नसलेलं तिकीट बघायचात.

मला हसू आलं नाही, मी पेटले. ज्या गावात चैत्रापासून बाया घागर डोक्यावर घेऊन हिंडतात त्या गावातल्या उकिरड्यावर दर आठवड्याला पाणी शिंपडा असं छापणाऱ्याला एकदा मे महिन्यात इथं आणून उभं करा. आमच्याकडं फडकं पिळायच्या आधी वाळतं. कोरडवाहू माणसाला हे छापून वाटायचं आणि त्यानं खत केलं नाही की त्यालाच आळशी म्हणायचं. मी अर्धा तास बोलले. तुम्ही ऐकून घेतलंत. मग म्हणालात, बरोबर हाय तुझं, मग पाणी न लावता कुजवून दाखव.

पत्रकात या प्रश्नाला जागा नसते.

मग मी शोधायला लागले. विचारत सुटले. लातूरकडं चाकूर तालुक्यात आमचं काम चालतं, तिथल्या बाया म्हणाल्या, आमच्या आज्या खड्डा करायच्या आणि तोंड लिंपून टाकायच्या. लिंपल्यावर पाणी उडत नाही. पावसाळा सरता सरता, माल ओला असतानाच भरायचा आणि झाकून द्यायचं, असं माझ्या डोक्यात पक्कं झालं. तुम्ही लगेच आडवे आलात. आपली काळी जमीन पाणी धरते, अवकाळी आला की खड्ड्याचं डबकं होतं, मग आत नासतं आणि वास मारतो. मी म्हटलं, म्हणून तर पाऊस गेल्यावर भरायचा. तुम्ही म्हणालात, पाऊस गेला हे त्याला कोण सांगणार? वर्षानुवर्षं आपण उकिरड्यातलं शेणखत अर्धं कच्चं मृगाआधी शेतात नेतो, तेच चालू दे. मी म्हटलं, कच्च्या खतातून हुमणीची अळी जाते, तण जातं, आणि महिनोन्‌महिने उन्हात पडून त्यातला कस उडालेला असतो, तुम्ही शेतात नुसता भुसा नेता. तुम्ही म्हणालात, तुझ्या खड्ड्यातबी मधोमध भुसाच निघंल. पापडासारखा वाळलेला.

मी म्हटलं, लावा पैज. पैशाची पैज मामीनं लावू दिली नाही. ठरलं ते असं, की पापड निघाला तर तुम्ही सांगाल तसं पत्रक मी लिहायचं, तुमच्या शब्दांत, आणि त्यात एकदाही 'झालंच पाहिजे' यायचं नाही. मी सारखी चुका काढते म्हणून तुम्ही मला तपासनीस बाई म्हणायचात; खत निघालं तर ते म्हणणं सोडायचं.

सोयाबीन निघाल्यावर खड्डा भरला. तुम्हाला आठवतं ते सगळं मी इथं लिहिणार नाही, पण मळणीची गुळी, म्हणजे शेंगा झोडल्यावर उरतो तो सगळा भुसा, तुम्ही गावभर मागत फिरलात. लोक तो बांधावर पेटवून देतात, मी त्यावर दोन पत्रकं काढली होती, कुणी वाचली नाहीत. तुम्ही नुसतं विचारलंत, जाळणार असशील तर मला देतो का? आणि गाडीभर गुळी दारात आली. खाली तुराट्या, वर गुळी, वर शेणकाला, वर जुन्या उकिरड्यातली माती, पुन्हा गुळी. प्रत्येक थर मामी पायानं तुडवत होती आणि म्हणत होती, नवऱ्यानं म्हातारपणी नाचायला लावलं. शेणकाल्याला लागलं तेवढंच पाणी, तेही भांडी विसळलेलं. मिरचीची देठं आत जाणार नाहीत, हे मी बजावलं होतं. तुम्ही मान हलवली होती.

लिंपायच्या वेळी पुन्हा भांडण. तुम्हाला सळईपुरतं भोक हवं होतं. मी म्हटलं, भोक ठेवलं की ओल उडणार, मग लिंपायचं कशाला? तुम्ही म्हणालात, बघायचंच न्हाई तर भरायचं कशाला? मी ठाम राहिले. शेणमातीनं तोंड पूर्ण बंद केलं, वरून हात फिरवून गुळगुळीत केलं. तुम्ही सळई भिंतीला टेकवून ठेवलीत आणि चेहरा असा केलात, जसं भर स्टँडात कुणी गाडीची काच खाली करू दिली नाही.

त्यानंतरचं सगळं फोनवर. झोपलाय. झोपलाय. संक्रांतीनंतर एकदा चाकूरच्या दोघी-तिघी बाया माझ्याबरोबर खड्डा बघायला आल्या. बघायला काय, लिंपलेली माती. तुम्ही त्यांना त्या मातीपाशी बसवून तासभर प्रश्न विचारलेत. तुमच्याकडं गुळी म्हणतात का कुटार? तुमची आजी लिंपायला राख घालायची का? का घालायची? एकीनं वैतागून म्हटलं, आजी जिवंत न्हाई हो भाऊ, असती तर तिलाच घेऊन आले असते. जाताना त्यांनी मला सांगितलं, तुमचा खड्डा बघून ठरवू. साधला तर यंदा आम्ही घरटी एक खणणार. तेव्हापासून त्यांचा फोन येतो, झालं का, काय निघालं. त्यांना गुळगुळीत कागदाची पुस्तिका नको होती. त्यांना हा एक खड्डा उघडलेला बघायचा होता.

तुम्ही गेलात त्या दिवशी मी पोचले तेव्हा तुम्हाला बाहेर आणलेलं होतं. पुढच्या अंगणात फरशीचं काम काढलेलं, वाळू-खडी पडलेली, तिथं माणूस उभा राहीना. अंघोळ कुठं घालायची यावर कुजबूज चालली होती. बापूकाका म्हणाले, त्याच्या न्हाणीच्या दगडावरच घालू, रोज तिथंच न्हायचा. परसात तुराट्यांच्या कुडाच्या आडोशाला तुमचा दगड. मला तेव्हा त्याची जागा जरा वेगळी वाटली, पण तेव्हा कुणाचं डोकं ठिकाणावर होतं. बापूकाकांनी स्वतः तांब्यानं पाणी घातलं. शेवटचा तांब्या घालताना पाणी तुमच्या खांद्यावर न पडता कानावर पडलं. पाणी दगडावरून उतरलं, कुडाखालून गेलं आणि लिंपलेल्या खड्ड्याच्या कडेला जिरलं.

हे सगळ्यांनी बघितलं. मला त्यात काही वाटलं नाही. ज्यांना वाटलं त्यांचं तेराव्याला कळलं.

तेराव्याचं जेवण उठल्यावर बापूकाका भावकीतल्या चार जणांना घेऊन ओसरीवर बसले आणि म्हणाले, त्या खड्ड्यात माती ढकलून तो बुजवून टाका. मयताच्या अंघोळीचं पाणी त्यात गेलंय. ते खत शेतात जायला नको. त्या रानातलं धान्य उद्या लेकरं खाणार. तावातावानं नाही, हळू बोलले. त्यांचे डोळे लाल होते. ते वाईट माणूस नाहीत हे मला माहीत आहे. त्यांना तुमची भीती वाटत होती, का तुमच्यावाचूनची, मला सांगता यायचं नाही.

मला मात्र संतापाच्या उकळ्या फुटल्या. भाषण तयार होतं. शेणात, मुतात, मेलेल्या पाल्यात जे घडतं त्यालाच आपण सुपीकता म्हणतो. रानात उंदीर मरतात, साप मरतात, पाखरं मरतात, त्या रानातली ज्वारी तुम्ही खाता तेव्हा विटाळ कुठं जातो? मी तोंड उघडलं. मामीनं माझ्याकडं बघितलं, नुसतं बघितलं, आणि बापूकाकांना म्हणाली, मृगापर्यंत ऱ्हाऊ द्या, मग बघू. ते गेले. मी तिच्यावर चिडले. मृगापर्यंत बघू म्हणजे काय? त्यांनी माणसं लावून बुजवला तर? मी काय सांगू चाकूरच्या बायांना, की खड्ड्याचं तेरावं झालं? मामी म्हणाली, तुला बोलता येतं हे समद्यांना ठाव हाय. आता जरा नांदेडला जा.

मी गेले. आणि तिथं बसून रोज मनातल्या मनात पत्रक लिहीत राहिले. ते पत्रक अप्रतिम होतं. बापूकाका वाचून हलले नसते.

काल सकाळी आले तर मामी फावडं घेऊन तयार. बापूकाकांना तिनंच बोलावलं होतं. ते कुडापाशी, चप्पल घालून, लांब उभे. फावडं मी घेतलं. वरचं लिंपण फोडलं तर दगडाच्या बाजूला, काठाशी, काहीतरी दांडुक्यासारखं लागलं. मक्याचं कणीस. दाणे काढलेलं, रिकामं कणीस, बाटलीच्या बुचासारखं मातीत ठोकलेलं. उपसलं तर खाली भोक. सळईच्या जाडीचं, सरळ, आतून पॉलिश केल्यासारखं.

मामा.

मी तिथंच बसले. मामी म्हणाली, आता कामून बसलीस? मी भोक दाखवलं. ती म्हणाली, त्याला काय बघायचं, रोज सकाळी खुपसायचे. पौषात एकदा सळई बाहेर काढून लई वेळ धरून बसले. गार हाय म्हणले. मग दुसऱ्या दिवशी पहार घेऊन न्हाणीचा दगड उचकला आणि इकडं खड्ड्याला लावून बसवला. मी इचारलं तर म्हणले, इथं ऊन चांगलं येतं.

म्हणजे खड्डा वाळत होता. तुमचं म्हणणं खरं ठरत होतं, तुम्ही पैज जिंकत होतात, हे तुम्हाला पौषातच कळलं होतं. आणि तुम्ही दगड हलवलात. रोजची अंघोळ माझ्या बाजूनं केलीत. मला फोनवर सांगितलंत, झोपलाय.

का? मला हा प्रश्न विचारायचाय आणि ज्याला विचारायचा तो नाही. माझी कीव आली म्हणून? तसं असेल तर मी तुम्हाला सोडणार नाही, कीव मला चालत नाही. का त्या चाकूरच्या बाया येणार म्हणून? का नुसतं तुम्हाला बघायचं होतं, की असं पाणी लागलं तर काय होतं? मला वाटतं हे शेवटचं. मला तेच वाटून घ्यायचंय. पण एक सांगते, प्रयोग तुम्ही नासवलात. पाणी न लावता कुजतं का, याचं उत्तर आता या खड्ड्यातून मिळत नाही. असा घोळ आमच्या कार्यकर्त्यांत कुणी केला असता तर मी त्याला बैठकीत उभं केलं असतं.

मग उकरत गेलो. तर ऐका निकाल. दगडाच्या बाजूनं अर्ध्याहून जास्त खड्डा काळाभोर, भुरभुरीत, हातात घेतला तर गुळी कोणती आणि शेण कोणतं ओळखू येत नाही. पलीकडची बाजू मात्र पापड. तुमचा शब्द. पांढरी बुरशी धरलेली, गुळी अजून गुळीच, हातात चुरते पण कुजलेली नाही. मधे दोन्हींची सरहद्द, फावड्यानं आखल्यासारखी. पाणी जिथवर पोचलं तिथवर तुम्ही हरलात, जिथं नाही पोचलं तिथं मी हरले.

मी टोपलं भरलं. बापूकाका तिथूनच म्हणाले, वहिनी, मी काय म्हणलो होतो. मी पुन्हा तोंड उघडणार होते. मामीनं पदर खोचला, टोपल्याच्या काठाला हात लावून उभी राहिली.

"बापूभावजी, त्येंची शेवटची अंघोळ तुमच्या हातानं झाली. त्याच दगडावर मी चौदाव्या दिवसापासून रोज न्हाते. तेच पाणी ह्याच्यात गेलंय. हे टाकून द्यायचं म्हणता, तर मलाबी टाकून द्यायचं का?"

 कुडावरून एक कावळा उडाला. मी फावडं धरून उभी, मला पहिल्यांदा कळलं की माझ्याकडं म्हणायला काही नाही आणि त्याची गरजही नाही.  मग बापूकाकांनी चप्पल काढली, कुडाच्या आत आले, उकिडवे बसले आणि दगडाच्या बाजूची एक मूठ उचलली. नाकाशी नेली. मूठ उघडून बघितली, पुन्हा नेली.

"ह्याला वास कसा न्हाई?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, पूर्ण कुजलं की वास जातो, काका. ते म्हणाले, मातीचा येतो. थोडा. मग उठून पलीकडच्या बाजूला गेले, कारण एकदा बघायला लागलेला माणूस एका बाजूवर थांबत नाही हे तुम्हाला मी सांगायला नको. तिथली मूठभर कोरडी गुळी उचलली आणि तीही हुंगली.

आणि शिंकले. एकदा, दोनदा, मग थांबेचनात. मी वाकून बघितलं तर पापडात लाल-पिवळी देठं, जशीच्या तशी, धर्माबादहून आली तशी. मान हलवली होतीत ना तुम्ही मी बजावलं तेव्हा?

बापूकाका नाक पुसत म्हणाले, हे तर फोडणी देऊन राह्यलंय अजून. आणि मामी हसली. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. तोंडावर पदर धरून, खांदे हलवत हसली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि बापूकाकांच्याही, त्यांचं शिंकण्यानं असेल. मग त्यांनीच टोपलं उचललं. माझ्या हातातून घेतलं, डोक्यावर ठेवलं आणि रानाकडं चालू लागले. जाताना म्हणाले, कोरडं हाय ते शेतात नेऊ नको, पुढच्या खड्ड्यात खालच्या थराला घाल. हा सल्ला बरोबर आहे. मी त्यांना तसं सांगितलं नाही.

चाकूरच्या बायांना संध्याकाळी फोन केला. काय सांगावं हे आधी मला समजेना. साधलं म्हणावं तर अर्धा खड्डा पापड. नाही साधलं म्हणावं तर बापूकाकांनी नेलेलं ते टोपलं काय होतं? मी त्यांना सगळं होतं तसं सांगितलं, भोकासकट, देठांसकट.  मग एकीनं विचारलं, म्हणजे पाणी लागतं, पण अंघोळ झालेलं चालतं? मी म्हटलं, एका बाजूनं चाललं. दोन्ही बाजूंनी चालतं का ते माहीत नाही. ती म्हणाली, आमच्या घरात सात माणसं न्हातात. दगड दोन्हीकडं ठेवून बघू की.

पिण्याच्या पाण्यातला एक तांब्यासुद्धा न घेता ते चालणार आहे, मामा. इतके दिवस मी छापणाऱ्यांवर ओरडले की आमच्याकडं पाणी नाही. पाणी होतं. अंगावरून उतरून कुडाखालून रोज वाहून जात होतं आणि त्याच्यासाठी कुणी पत्रक काढलं नव्हतं. मीही नाही.

पैजेचं काय करायचं? अर्धी तुम्ही जिंकलात, म्हणून तुमच्या शब्दांतलं पत्रक मी अर्धं पान लिहीन, 'झालंच पाहिजे' न घालता. मथळा ठरलाय: न्हाणीचा दगड कुठं आहे ते बघा. अर्धी मी जिंकले, म्हणून तपासनीस बाई हे नाव सुटलं असं धरते. तसं आता कुणी म्हणतही नाही. ते मात्र मला चालत नाही.

राखेचा प्रश्न तुमचा राहूनच गेला. चुलीची राख खड्ड्यात घालावी का? मी म्हणायचे नको, आपली जमीन आधीच खारी. तुम्ही म्हणायचात, नको कशी, घालून बघू. उत्तर मला अजून माहीत नाही. यंदा एका कोपऱ्यात घालणार आहे. आणि भोकही ठेवणार आहे. तुमचा मुद्दा मला अजिबात मान्य नाही, भोकातून ओल उडतेच. तरी ठेवणार आहे. कणीस धुऊन वळचणीला खोचलंय.

आज सकाळी मी तुमच्या दगडावर अंघोळ केली. खड्डा मोकळा आहे, अजून भरायचाय, तरी पाणी तिकडंच जातं. केस पिळता पिळता मी कुडाखाली वाकून बघत बसले, नक्की कुठवर पोचतं ते. एक धार मधेच उजवीकडं वळते. का वळते ते कळेना. मामीनं आतून हाक मारली, चहा गार होऊन राहिलाय, काय करून राहिलीस तिथं?

मी म्हटलं, आले, बघून राहिले जरा.

 ही हाक तिनं आयुष्यभर मारलीय आणि हेच उत्तर तिनं आयुष्यभर ऐकलंय.